सतरा इंच

व्हॅन एका प्लंबरची होती.
शर्वाणीने आत पडदे लावले, पलंग बसवला,
हातभर का होईना, ओटा केला,
तरी मागचं दार उघडलं की अजून
ओल्या तांब्याचा वास येतो.

चाकं प्लंबरचीच राहिली होती :
काळी, पोलादी, सोळा इंची,
एकावर झाकण, तीन बोडकी.
मी म्हटलं, अलॉय घेऊ. अठरा इंची.
ती म्हणाली, दाखवायची कुणाला? मेंढ्यांना?

शनिवारी कीथलीला गेलो,
कालव्याकाठच्या शेडमध्ये.
भिंतभर चाकं टांगलेली,
भांड्यांच्या दुकानात पराती असाव्यात तशी.
मी एकेकावर टिचकी मारत गेलो.
काय ऐकायचं होतं, ठाऊक नाही.
माठ घेतानाही आपण वाजवतोच की.

दुकानदार ट्रेव्हर, अंगठ्याचं नख काळंनिळं.
मला आवडलेलं चाक त्याने उलटं केलं
आणि आत कोरलेला आकडा दाखवला :
सहाशे नव्वद.
"एवढे किलो पेलतं. मोटारीला चालेल.
पण तुझी मोटार नाही, घर आहे.
घराचं वजन किती?"

अठ्ठावीस वर्षं संसार केला,
हे कुणी विचारलं नव्हतं.

मग भंगारवाल्याचा वजनकाटा.
पुढे पत्र्यांचा ट्रक, मागे जुन्या बॅटऱ्यांचा टेम्पो,
मधे आम्ही :
पाण्याची टाकी काठोकाठ, गॅस,
बिडाचा तवा, भाजणीचा डबा,
शर्वाणीच्या पाठीचा पट्टा,
निहाराने "पुढच्या वेळी नेते" म्हणून ठेवलेली
लाटांवरची फळी, तिला चार उन्हाळे झाले.
मी खिडकीतून विचारलं, उतरू का?
काट्यावरची बाई म्हणाली,
"एरवी कुठे असता?"

दोन हजार सातशे चाळीस.
पैकी मागच्या आसावर चौदाशे दहा.
भागिले दोन, सातशे पाच.
पंधरा किलोंनी गेलं माझं चाक.
मी तव्याकडे पाहिलं.
"मनातही आणू नकोस," ती म्हणाली.

परत ट्रेव्हर. त्याने फरशीवर खडूने
एक वर्तुळ काढलं, त्याच्या आत दुसरं.
आतलं वाढवलं की रबर बारीक घ्यायचं,
नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलतो
आणि वळताना टायर घासतो कमानीला.
बाहेरून गोल तेवढाच.
धातू वाढतो, हवा घटते.
"आणि खड्डा," तो म्हणाला, "वाटेत कुठे थांबत नाही. थेट वर येतो."

शर्वाणी दोन रेघांमधल्या
त्या चिंचोळ्या जागेकडे बघत राहिली.
मणक्याचं ऑपरेशन तिचं झालंय, माझं नाही.

मीच म्हटलं, सोळाच राहू देत.
ती म्हणाली, सतरा.
मी काही बोलायच्या आत ट्रेव्हरला सांगितलं,
ते राखाडी, पाच आऱ्यांचं, आतला आकडा बघ.
आठशे पंधरा.
"झालं तर."
तिने ते केव्हा हेरून ठेवलं होतं कोण जाणे.

विमा कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना होता :
बदलाचं कारण.
मी लिहिलं, शोभा.

रविवारी मॅलमच्या रस्त्याने वर निघालो.
दोन्हीकडे दगडी गडगे, मधे व्हॅनपुरती वाट.
दर खाचेला ओट्यातलं काहीतरी बोलत होतं :
बशा, झाकणं, आणि चमचे तर अखंड.
पाठ? मी विचारलं.
बघू, ती म्हणाली.
एका फाटकापाशी थांबलो.
ती उतरली, चार पावलं मागे गेली,
कमरेवर हात ठेवून बाजूने गाडी पाहिली,
अशी की जणू कुणा दुसऱ्याची आहे.
मेंढ्यांनीही पाहिली, दोन-तीन.

मग आत येऊन तिने सगळे चमचे
माझ्या एका लोकरी मोज्यात घातले, गाठ मारली.
दुसरा मोजा अजून सापडलेला नाही.