एटीकेटी

कॉस्टिंगपुढे एफ. खाली छापलेलं: एटीकेटी.
"म्हणजे पास काय नापास?"
आईने विचारलं, कोळंबी निवडता निवडता.
म्हटलं, पुढच्या वर्गात बसायचं
मागचा पेपर पाठीला बांधून.

मालवणच्या जेटीवर तिच्यापुढे तीन टोपल्या:
मोठी, बारीक, डोकं तुटलेली.
मला कुठे टाकावं, तिला कळेना.

क्लार्क खवणेकर म्हणाले होते,
"सहा कमी पडले गो.
दोनच असते तर ग्रेसमधून ढकललं असतं तुला."

रात्री तुटक्या कोळंबीचं तिखलं.
जेवताना एवढंच,
"फॉर्म कधी भरूचो?"

सकाळी तिने कनवटीतली नोट दिली.
खिडकीत खवणेकरांनी ती
दोन बोटांनी उचलली,
पावती फाडली.

पावतीला कसलाच वास नव्हता.