बंब

नाव एझ्राने ठेवलं. रास्ता पेठेत त्यांच्या मोरीत
तांब्याचा बंब होता. त्याला तोंड लावून व्हिक्टर गायचा,
आणि आवाज परत यायचा तेव्हा
तो व्हिक्टरचा राहिलेला नसायचा.
मी तो टेपवर धरायचो. माझं काम एवढंच :
झाळणं, जोडणं, शॉक खाणं.

पासष्टच्या ब्लॅकआउटमध्ये ठाण्यातून जमादार आले.
पोस्टरवर इंग्रजी अक्षरांत बंब; त्यांनी वाचलं बॉम्ब.
आम्ही मोरी दाखवली.
त्यांनी वाकून राख पाहिली, तोटी सोडली, बंद केली,
म्हणाले, पाणी छान तापत असेल.

सदुसष्टचा नाताळ, ईस्ट स्ट्रीटवरचा हॉल.
केर्सीचा अ‍ॅम्प मी मोडक्या रेडिओच्या व्हॉल्व्हांतून उभा केलेला.
डोळे मिटून तो एकाच सुरावर चढत गेला, चढत गेला,
आणि त्या सुरातून
आकाशवाणी पुणे बोलू लागलं :
जुन्नर, कांदा, आवक मध्यम.
केर्सी थांबला नाही.
कांदा उतरला तसा उतरला, बटाट्याला पुन्हा वर गेला.
पोरं खुर्च्यांवर उभी.
दुसऱ्या दिवशी जो तो कानाशी लागून विचारी,
काय घेता रे तुम्ही?
चहा. आणि एझ्राच्या आईने केलेला चिकाचा हलवा.

पुढे वर्षभर ते बाजारभाव मुद्दाम आणायला बघितले.
आले नाहीत.

एक तबकडी निघाली. तीनशे प्रती, कलकत्त्याहून,
खोक्यावर लिहिलेलं ‘नाजूक’.
चाळीस खपल्या. त्यातल्या सहा व्हिक्टरच्या मावशीने घेतल्या.

भांडण झालं नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो.
व्हिक्टरला पिंपरीत नोकरी लागली, तिसरी पाळी.
केर्सी पर्थला गेला.
एझ्राचं घर बोटीने निघालं, आणि बंब
बोहरी आळीत मोडीत दिला.
साडेअकरा किलो.
एझ्राने काटा दोनदा बघितला, एका बाजूने आणि मग दुसऱ्या.

परवा एक मुलगा दुकानात आला.
त्याला दुसरी बाजू ऐकायची होती. मी सुई ठेवली.
सगळं इंग्रजी आहे, सगळं धुरकट,
पण अगदी शेवटी, सूर विरल्यावर,
बंबाच्या आतून, लांबून, एझ्राची आई :
झालं का रे? आंघोळी व्हायच्यात.

ते मी कापणार होतो.
त्या दिवशी ब्लेड सापडलं नाही.