रुमालाखाली

मिरजेच्या दवाखान्यात नर्स विचारते,
"आजोबा, एक ते दहामध्ये किती दुखतंय?"
मराठी कच्चं आहे तिचं, हात पक्का.
शीर पहिल्या टोचणीत सापडते.
मी सांगतो, "चार."
समोर भरतेश बसलेला असतो,
मोबाईल उलटा धरून.

एकेचाळीस वर्षं हळद तोलली मी
सांगलीच्या मार्केट यार्डात.
काटा दांडीचा होता तेव्हापासून
त्यात लाल आकडे पेटायला लागले तोवर.
पोतं टेकायच्या आधी कळायचं
किलोभर कमी आहे की ओल धरलीय.
बाबगोंडा तोलाराचं माप म्हटलं की
दुसऱ्यांदा कुणी चढवायचं नाही.
आणि आता दर तीन आठवड्यांनी
खोटं वजन लिहून देतो.

चार कसले.
पॉलिशच्या ड्रमात हळकुंडं फिरतात ना,
तशी रात्रभर कमरेची हाडं
एकमेकांवर घासतात.
फरक एवढाच, की इथे चकाकून काही निघत नाही.

सलाईननंतर आठवडाभर तोंडात
काट्याची साखळी चोखल्यासारखी चव.
नखं काळी. बोटांची टोकं मेलेली.
राजापुरी की सेलम
डोळे मिटून सांगायचो या बोटांनी.
परवा सदऱ्याचं बटण शोधत बसलो,
ते तुटलेलं होतं.

शिवाय पोटात सुई असते,
पुरुषपण बंद ठेवायची.
"त्याशिवाय गाठ उपाशी पडत नाही,"
डॉक्टर आवाज उतरवून म्हणाले होते.
पौषातल्या थंडीत अंगातून भट्टी निघते,
बनियन पिळून वाळत घालावा लागतो.
राजमती काही बोलत नाही. पंखा लावते,
स्वतः दोन चादरी ओढून घेते.

पंचेचाळिशीत तिला असंच व्हायचं.
मी वैतागून उशी घेऊन सोप्यात जायचो.
तो हिशेब तिनं कधी काढला नाही.
मीच काढला, गेल्या मंगळवारी, पहाटे तीनला.

सूर्य मावळल्यावर जिनं जन्मात घास घेतला नाही
ती रात्री नऊला माझ्या गोळीसाठी
मऊ भात करते,
आणि समोर उपाशी बसून माझे घास मोजते.

आमच्या उमेदीत सौदे रुमालाखाली व्हायचे.
हातात हात, वर रुमाल.
धरलेलं बोट म्हणजे एक, पंजा दाबला की पाच.
तोंडानं पाऊसपाणी, लग्नकार्य,
आणि भऱ्या बाजारात भाव
दोघांनाच ठाऊक.

परतताना गाडीत मागे आम्ही दोघं.
भरतेश आरशातून बघत असतो.
राजमती पदर पसरते मांडीवर,
त्याखाली माझा हात घेते.
बधिर बोटं, तिनं धरलीत हेही धड कळत नाही.
मी पंजा देतो.
मग तीन.
ती दोन बोटं मुडपून परत करते,
जुन्या खरीददारासारखी.
मी पुन्हा उघडतो.
भाव उतरत नाही.
वर ती भरतेशला म्हणते,
"विश्रामबागेत थांबव रे, दोडके घ्यायचेत."

पुढच्या पाळीला नर्सनं विचारलं.
मी "चा" म्हणालो असेन,
तेवढ्यात राजमती पुढे झाली,
"आठ लिही बाळ. सौदा माझ्याशी झालाय."
भरतेशनं मोबाईल खिशात घातला.
बराच वेळ तो खिडकीतून
पार्किंगकडे बघत राहिला.
मग येऊन माझे पाय दाबायला लागला,
चुकीच्या जागी, फार जोरात.
मी दाबू दिले.

त्या रात्री गोळी वाढली. चार तास सलग झोपलो.
जाग आली तर माझा हात तिच्या हातात,
वर पदर नाही, काही नाही.
तिनं विचारलं नाही.
मीच दोन बोटं दिली.
मग नीट तोलून बघितलं,
आणि तिसरं.