नव्वद सेकंद

अबू शगाऱ्यातल्या वाळूच्या पार्किंगमध्ये
बशीरभाई परकारांची जुनी सनी गाडी,
आणि तिच्यात मी.
वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली सलवार.
खोलीत आम्ही पाचजणी; मेरिसेल रात्रपाळी करून
आत्ताच कुठे भिंतीकडे तोंड करून झोपली आहे.
म्हणून ही शांतता उसनी, किल्लीसकट.

एसी बंद. चालू ठेवला तर त्याची घरघर
माझ्या इंग्रजीपेक्षा स्पष्ट ऐकू येते.
काचा वर. बाहेर त्रेचाळीस.
डॅशबोर्डवर टिश्यूच्या डब्याला टेकून फोन उभा.

कंपनीचं नाव सहाब.
म्हणजे अरबीत ढग, बशीरभाई सांगत होते.
मला दर वेळी साहेबच ऐकू येतं
आणि पाठ आपोआप ताठ होते.

पहिल्या फेरीत कोडी घातली.
दुसऱ्या फेरीत घरी करायचं काम दिलं,
दोन तास पुरतील म्हणाले. अकरा लागले.
त्यांच्याच अ‍ॅपमधले सदतीस दोष शोधून दिले,
पायरी पायरीने, चित्रांसह.
आभाराचा मेल आला, त्यात माझं नाव चुकलेलं.
अडतिसावा दोष मी कळवला नाही.

आता तिसरी फेरी, आणि समोर कुणीच नाही.
पडद्यावर प्रश्न उगवतो,
तीस सेकंद विचाराला, नव्वद उत्तराला,
आणि एका चौकोनात मीच.
चेहरा मधोमध आणा, यंत्र सांगतं. आणते.
भुवईवरून घाम निघतो, त्याला निघू देते;
पुसलं की घाबरल्यासारखं दिसतं म्हणे.
जस्नाने असल्या नऊ मुलाखती दिल्यात,
तिला ठाऊक. नोकरी तिलाही नाही.

*तुम्हाला अपयश आलं असा एक प्रसंग सांगा.*

पाठ केलेलं उत्तर ओठांवर आलं:
मी फार बारकाईने काम करते, त्यामुळे कधी कधी…
एकाहत्तराव्या सेकंदाला संपलं.
उरलेले एकोणीस सेकंद मी हसत राहिले.
व्हिसाचेही एकोणीसच दिवस उरलेत,
हे हसता हसताच लक्षात आलं.

खाली दोन बटणं. पाठवा. पुन्हा करा.
एक प्रयत्न शिल्लक.

मी दार उघडून बाहेर आले.
पलीकडे कडक चहाच्या खिडकीपाशी
बशीरभाई दोन कागदी कप धरून उभे.
‘काय इचारलानी गो?’

आणि का कोण जाणे, त्यांना सांगितलं.
दोहातल्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर,
गुरुवारची संध्याकाळ, सगळ्यांना घरी जायची घाई.
सारखी नावं असली की तारखा अदलाबदल होत होत्या.
मी पाहिलं होतं. नोंदही केली होती.
मॅनेजर म्हणाला, रविवारी बघू, आज सही कर.
केली.
रविवारी एक म्हातारा फज्रपासून बाकावर बसलेला,
पिशवीत एक्स-रे, दुसऱ्याच कुणाच्या तारखेला आलेला.
मला ऑफिसची समजून विचारलं, माझा नंबर कधी?
मी म्हटलं, प्रोसेस चालू आहे.

जालन्याला रोज रात्री फोनवर
मी आईला हेच सांगते. अगदी हेच शब्द.

बशीरभाईंनी चहावरची साय बोटाने बाजूला केली.
चौतीस वर्षं ते इथं दुसऱ्यांची फर्निचरं हलवतात,
त्यांची मुलाखत अशी झाली होती म्हणे:
कपाट उचलून दाखव.
‘हे सांगितलंस काय त्यास्नी?’
‘नव्वद सेकंदात कसं बसेल?’
‘आता तर बसवलंस. जास्तीत जास्त दोन मिनिटं झाली.’

मी काही बोलले नाही.
त्यांनी किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली,
चहाच्या ओल्या वर्तुळाशेजारी,
आणि सावलीत जाऊन उभे राहिले.

चहा फार गोड होता.
तो संपेपर्यंत मी किल्लीकडे पाहिलं नाही.