चारी बाजूंनी पाणी

बेट म्हटल्यावर जिजाकाकू म्हणाल्या,
"तेच्यात काय पाहाले जाता? नाल्यावर हाय ना बेट,
औंदा बांबूही चांगला फुटला."
ह्यांनी मग ताटात पाणी ओतलं,
मधोमध भाताची मूद ठेवली.
"असं असते काकू. चारी बाजूनं पाणी."
काकू बराच वेळ ताटाकडे पाहत राहिल्या.
"अन् भात भिजत नाई?"

एकतीस वर्षं हे गावाला पाणी सोडत होते.
सोमवारी माळीपुरा, बुधवारी शाळेकडली गल्ली,
एप्रिल लागला की पाचव्या दिवशी, पाऊण तास.
पहाटे चारला काखेत लोखंडी चावी,
आणि नळाला पाणी यायच्या आधी
ह्यांच्या नावानं शिव्या यायच्या.
लग्नापासून आम्ही कुठे मुक्कामी राहिलो नाही.
माझ्या सख्ख्या बहिणीच्या हळदीला गेलो
तर अक्षता पडायच्या आत परत.
वॉल कोण उघडणार?

मार्चमध्ये सत्कार झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
रात्री अंधारात म्हणाले,
"मले एकडाव असं गाव पाहाचं हाय,
जिथं पाण्याची पाळी नसते."

कारंज्याचा सौरभ डहाके मोबाइलवर मालदीव दाखवतो.
धुण्यात नीळ जास्त पडल्यावर बादली दिसते, तसं.
शाळेतल्या नकाशावर शोधलं तर नुसते ठिपके.
नातू म्हणाला, "आबा, माशी बसली असन."

पासपोर्टला नाव अडलं.
दाखल्यावर उखर्डा, आधारवर उकंडा.
तीन लेकरं गेल्यावर हे झाले,
सासूनं उकिरड्यावर ठेवून परत उचलले,
यमाला वाटावं, टाकून दिलेलं आहे, कशाला न्या.
अकोल्याच्या खिडकीतली पोरगी विचारते,
"काका, नक्की कोणते तुम्ही?"
शेवटी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं:
उखर्डा व उकंडा ही एकच व्यक्ती असून
ती परदेशी जाऊ इच्छिते.
खाली सही करताना ह्यांचा हात
पहिल्यांदाच सावकाश चालला.

पैसे म्हणजे भिशीचे, आणि म्हशीचे.
पाच वर्षांचं दूध मी वेगळ्या डब्यात मोजलं होतं,
कशासाठी ते माहीत नव्हतं.
जवसाची चटणी घेणार. दशम्या घेणार.
समुद्रात लुगडं चालते का, विचारलं तर
सौरभच लाजला.

मग एका संध्याकाळी त्यानं वाचून दाखवलं,
तिथल्या विहिरी खारट,
पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात,
उन्हाळ्यात काही बेटांवर
प्यायचं पाणी बोटीनं येतं.

हे गप्प झाले. मला वाटलं, गेलं आता मालदीव.
बाहेर कोणाची तरी मोटार चालू होती,
ती बंद झाल्यावर ह्यांनी विचारलं,
"बोट कोणत्या वारी येते?"
"ते नाही लिहिलं काका."
"अन् आल्यावर, गल्लीगल्लीनं सोडते कोण?
त्याले भेटता येईन?"
सौरभनं पॅकेज खालीवर केलं.
नाश्ता होता, काचेच्या तळाची नाव होती,
मावळत्या सूर्यासोबत फोटो होता.
हे नव्हतं.

तेव्हापासून हे भलतेच तयारीला लागलेत.
वहीत प्रश्न लिहितात. टाकी किती लिटरची.
शेवटच्या घराला प्रेशर पुरते का.
भांडणं होतात का, अन् कोण्या भाषेत.

काल राठींच्या सोयाबीनच्या काट्यावर बॅग ठेवली,
वीस किलोचं अजून काय काय बसतं पाहायला.
अजून एक कपडा आत नाही, आणि काटा सातवर.
उघडली. माझ्या जुन्या नऊवारीत गुंडाळून
आतमध्ये चावी. नवी पोराला दिली,
ही जुनी, दीड हात लांब, मुठीपाशी घासून पांढरी झालेली.

काढली नाही मी.
तिकिटाला अजून दोन महिने आहेत.
चटणी थोडी कमी घेईन.