दारं मोजून

मी एउसेबियो ओन्तिवेरोस, गवंडी, आता निवृत्त.
म्हणजे गुडघे निवृत्त; हात अजून रात्री
झोपेतच वाळूत पाणी कालवतात.
टेक्सासच्या या धुळकट गावात माझी तीनशे अकरा दारं आहेत.
घरं नाही मोजत मी. दारं मोजतो.
घर बँकेचं असतं, दार
ज्याला आतून कडी लावता येते त्याचं.

दोन वर्षांपूर्वी कापसाच्या सपाट रानात
मोजणीची लाल निशाणं आली.
मग खडीचे ट्रक, पहाटे चारपासून,
बेकरीच्या काचा थरथरायच्या.
मग चाकांवरची घरं, आठशे,
ओहायोची, आयडाहोची, कुठली कुठली माणसं.
डोरोटेआनं न्हाणीघरासकट अख्खं घर भाड्यानं दिलं
आणि स्वतः बहिणीच्या सोफ्यावर झोपायला गेली.

माझी लेक मारिसेला तिथं वायरिंग करते.
आधी ती शाळेच्या नव्या वाचनालयावर होती.
एका शुक्रवारी पाच इलेक्ट्रिशियन एकदम गेले,
तिप्पट पगार, शिवाय जेवण.
ती आठवडाभर उशिरा गेली,
तेवढाच काय तो तिचा प्रामाणिकपणा, असं ती म्हणते.
मी काही म्हणालो नाही.
उजवा गुडघा नवा आहे माझा. त्याचे पैसे कुठून आले
ते गुडघ्याला माहीत आहे.

वाचनालय तसंच उभं. लोखंडी सांगाडा, वर पत्रा,
आणि पत्र्याखाली पारव्यांची तीन घरटी.
ट्रान्सफॉर्मर कधी मिळेल विचारलं
तर अडीच वर्षं, तेही बघू.
मुख्याध्यापिका टॉलिव्हरबाई दर सोमवारी फोन लावतात.
पूर्वी कुणीतरी खेकसायचं तरी,
हल्ली एक यंत्र गोड आवाजात दिलगीर होतं.

लेकीला विचारलं, केवढं आहे गं ते?
म्हणाली, या टोकाची शिट्टी त्या टोकाला ऐकू येत नाही.
खिडक्या किती?
नाहीत.
दारं?
ती बोटांवर मोजायला लागली, दुसऱ्या हातापर्यंत गेलीच नाही.
राहणार किती जण?
"रात्रपाळीला तिघं. बाकी गारवा राहतो, पपा,
आणि लोकांच्या प्रश्नांची उत्तरं."
उत्तरांना इतकी जागा लागते हे मला ठाऊक नव्हतं.
माझ्या आईची सगळी
एप्रनच्या एका खिशात मावायची,
चिमट्यांसोबत.

उंबरा ओला असताना मी खिळ्यानं
त्या घरातल्या धाकट्या पोराचं नाव लिहायचो.
मारिसेलानंही लिहिलं तिथं, ओल्या काँक्रीटच्या कोपऱ्यात,
बारीक अक्षरांत: एउसेबियो.
लेझरनं दोन मिलिमीटरची चूक दाखवली.
दुसऱ्या दिवशी एका पोरानं मशीननं घासून काढलं.
ती चिडून सांगत होती. मला बरं वाटलं.
जिथं कुणी पाय पुसत नाही
तिथं माझं नाव कशाला?

मार्चपासून मी वाचनालयाची भिंत चढवतोय.
विटेला वीज लागत नाही.
रोज दोन थर, गुडघा परवानगी देईल तितके.
ओळंबा सोडतो
आणि वारा दम खाईल म्हणून थांबतो.
खिडक्यांसाठी सात जागा मोकळ्या ठेवल्यात.
नकाशात पाच आहेत, टॉलिव्हरबाई म्हणाल्या.
मी म्हटलं, नकाशा चुकला असेल.

काल रविवार. साठ तासांचा आठवडा संपवून
मारिसेला आली, स्वतःची हत्यारं घेऊन.
निदान नळ्या टाकून ठेवते म्हणाली,
तारा येतील तेव्हा येतील.
दीड खोली झाली. मग पाणी प्यायला म्हणून
सिमेंटच्या पोत्यांना टेकली
आणि बसल्या जागी झोपली, हातात पक्कड तशीच.

वीट बसवताना थापीच्या दांड्यानं ठोकावी लागते, दोनदा.
काल मी ठोकली नाही.
तळहातानं दाबत राहिलो.
एक थर जरा वर-खाली झालाय.
राहू दे.