काचसामान

संशोधन विभागात माझं टेबल खिडकीपासून दुसरं.
खिडकीतून विष्णुपुरीचं पाणी दिसतं म्हणतात.
मला तेरा वर्षं कपाट क्रमांक पाच दिसतंय.

इथे संशोधन येतं ते दोरीने बांधून,
तीन प्रतींत, डावीकडे दीड इंच समास सोडून.
आवक क्रमांक द्यायला विषय वाचावा लागत नाही.
मी वाचते.
एकाने चार वर्षं बाभळीचा डिंक मोजला.
एकीने किनवटकडच्या पाळणाघरांतली भांडणं मोजली.
साहेब म्हणतात, नांदेडात पीएचडीचं पेव फुटलंय,
आणि सही करतात.

खरं पेव एकदाच आलं.
गंगासागर हंबर्डे, सूक्ष्मजीवशास्त्र:
'ज्वारीच्या पेवातील हवा व बुरशी'.
समितीने 'व'ला हरकत घेतली.
'आणि' करून आणा म्हणाले. तिने केलं.
बीजनिधी मंजूर, रुपये अठरा हजार,
हवा मोजायच्या यंत्रासाठी.
दरपत्रकं तीन लागतात.
एक हैदराबादचं आलं, एक पुण्याचं,
तिसरा माणूस हे यंत्र विकतच नाही.
पेव अक्षय्यतृतीयेनंतर उघडणार होतं.
फाईलला अक्षय्यतृतीया माहीत नसते.
लेखा विभागात ती गेली, वीस दिवसांनी आली,
पाठीवर पेन्सिलने लिहिलेलं: 'चर्चा करावी'.

कुणाशी, ते लिहिलं नव्हतं.
पोरगी जिन्यावर बसून होती.
मारोती बोईनवाड, प्रयोगशाळा परिचर,
काचनळ्यांचा ट्रे घेऊन खाली उतरताना थांबला.
"कामून बसलीस?"
तिने सांगितलं.
"आगं, कंदील सोड की दोरीनं.
जिथं विझंल तिथवर हवा न्हाई.
माझा चुलता न सोडताच उतरला व्हता."
एवढं बोलून ट्रे घेऊन गेला.

तिने ते कार्यपद्धतीत लिहिलं.
समितीने विचारलं, संदर्भ?
तिने लिहिलं: बोईनवाड, मारोती. तोंडी माहिती. जिना, दुसरा मजला.
खुर्च्या करकरल्या.
परिचराचं नाव संदर्भसूचीत?
मग मुनीर सर, जे बैठकीत सहसा फक्त चहा पितात,
म्हणाले, कर्मचारी संशोधन योजना आहे ना आपली?
आहे. माझ्याच ड्रॉवरमध्ये,
पन्नास कोरे फॉर्म, कडा पिवळ्या पडलेल्या.

फॉर्म प्राध्यापकांच्या मापाने शिवलेला.
शैक्षणिक अर्हता: मारोतीने लिहिलं, बारावी नापास.
प्रकाशित शोधनिबंध: रेघ.
क्षेत्रकार्याचा अनुभव: पेवं सत्तावीस, मोजून.
हात कापत होता. रकाना त्याला पुरला नाही,
मी मागे कोरा कागद टाचला.

कंदील दोनशे चाळीस रुपयांचा, वजिराबादेतून,
पक्की पावती.
पण कंदिलाला खर्चाचं शीर्ष नाही.
'इंधन' म्हणजे गाडी,
'विद्युत साहित्य' म्हणजे तार हवी.
लेखा विभागाचा यन्नावार दोनदा पावती परत करतो,
वर विचारतो, मॅडम, विद्यापीठ अंधारात आहे का?
त्या रात्री भाकरी थापताना सुचलं:
कंदिलाला काच असते.
'रसायने व काचसामान', शीर्ष क्रमांक चार.
सकाळी त्याने पावतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
शिक्का उचलला.
तेरा वर्षांतलं ते माझं एकमेव संशोधन,
त्याला आवक क्रमांक नाही.

यंत्र श्रावणात आलं, पेव रिकामं झाल्यावर.
अजून खोक्यात आहे. हमीची मुदत चालू आहे.

सहामाही प्रगती अहवाल मात्र वेळेत आला.
तीन प्रती, समास नीट.
पान चौथं:
'झाकण काढून एक प्रहर वाट पाहिली. कंदील सोडला.
सात हातांवर विझला.
पुन्हा लावला, पुन्हा सोडला. सात हातांवर विझला.
मालकाचा मुलगा उतरायला निघाला होता,
श्री. बोईनवाड यांनी त्याचा शर्ट धरून ठेवला.
त्या दिवशी कुणीही खाली उतरलं नाही.'

खाली समितीचा शेरा, निळ्या शाईत:
प्रगती समाधानकारक.

मी तारीख फिरवली, शिक्का मारला,
आणि कपाट क्रमांक पाच उघडताना
उगाच क्षणभर थांबले.